पीतशंख आणि घराची भिंत

गेल्या आश्विनात आमच्या साकोलीच्या घराला नवा रंग दिला. ही वार्ता मासिकाच्या वाचकांस मुद्दाम कळवावी इतकी मोठी नव्हे, हे आम्ही जाणतो. दिवाळी तोंडावर आली म्हणजे गावोगाव भिंती खरवडल्या जातात, ओसरीवरचे सामान अंगणात येते, आणि चार दिवस घरातील माणसे परक्याच्या घरी आल्यासारखी वावरतात. त्यात नवल ते काय? परंतु ह्या क्षुल्लक उद्योगातून एक प्रश्न आमच्यापुढे असा उभा राहिला की, त्याचे उत्तर शोधताना आम्ही घरातल्या घरात चांगलेच ओशाळलो. तो प्रश्न केवळ आमच्याच घरचा नसावा असे वाटल्यावरून हे लिहावयास बसलो आहो.

प्रथम रंगाविषयी. नागपूरहून रायपूरकडे जाणारा हमरस्ता, पूर्वी ६ क्रमांकाचा व आता ५३ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग, साकोली गावातूनच जातो. त्याच्या दोन्ही अंगांस जाहिरातींच्या भिंती, मालमोटारींचा धुरळा आणि डोळ्यांत भरणारे तांबडे-पिवळे फलक ह्यांचे राज्य आहे. पण रस्ता सोडून थोडे बाहेर पडले की धानाच्या बांध्या लागतात व त्यांच्या पलीकडे तलाव लागतो. भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नव्हे. कोहळी लोकांनी कित्येक पिढ्यांपूर्वी पाळी घालून जे पाणी अडविले, ते मालगुजारी तलाव म्हणून आजही धानाला पाणी पुरवीत आहेत. मार्गशीर्षातल्या सकाळी, ऊन नीट वर आले नाही अशा वेळी, ह्या तलावाच्या पाण्याला जो रंग येतो तो निळाही नसतो व हिरवाही नसतो. दोहोंत चिमूटभर राख कालवावी तसा तो असतो. तो रंग आमच्या बैठकीच्या भिंतीवर असावा, अशी इच्छा आम्ही वर्षभर मनात बाळगली होती.

त्या रंगाला नाव काय द्यावे, हीच पहिली अडचण. पारवा म्हणावे तर त्यात करडेपणा अधिक. मोरपंखी म्हणावे तर ह्यात तो तोरा नाही. जुन्या बायका लुगड्याच्या रंगांत ज्यास आनंदी म्हणत तो ह्याच्या जवळचा खरा, पण तो फार उजळ. रंगाऱ्याने शेडकार्ड पुढे केले. त्यात आमचा रंग सापडला. त्याला एक इंग्रजी नाव व एक आकडा होता, आणि दोन्हींचा त्या तलावाशी काडीचाही संबंध नव्हता. रंगाऱ्याने मात्र क्षणाचाही विलंब न लावता त्याचे नामकरण केले : मळका मोरपंखी. आम्हांस ते नाव त्या वेळी झोंबले. पुढे पुढे तेच खरे वाटू लागले.

आमच्या समोर एका शेतकऱ्याचे घर आहे. त्यांनी दोन वर्षांपूर्वी धान विकून आलेल्या पैशांतून भिंतींना गुलाबी रंग दिला व खिडक्यांच्या चौकटी पोपटी केल्या. सकाळचे ऊन त्या घरावर पडले म्हणजे त्याचा गुलाबी उजेड आमच्या ओसरीपर्यंत येतो. एकदा बोलता बोलता आम्ही त्यांस विचारले की, इतका भडक रंग कसा निवडलात? ते म्हणाले, “रंग दुरून दिसला पाहिजे जी गुरुजी, नाही तर लावायचा कशाला?” आम्ही हसलो. ते हसणे कोणत्या जातीचे होते हे वाचकांस सांगावयास नको. चार पुस्तके वाचलेला मनुष्य ज्याने ती वाचली नाहीत त्याच्याकडे पाहून जसा हसतो, तसे ते होते.

घर रंगविणे हा त्या वेळी आमच्या दृष्टीने एक नैतिक प्रश्नच होता, आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी तयार होते. भडक रंग म्हणजे दिखाऊपणा. मंद रंग म्हणजे संयम. ह्या मताला मोठमोठ्यांचा पाठिंबाही मिळतो. चंदीगडची आखणी करणारे फ्रेंच वास्तुविशारद ल कॉर्ब्यूझिए ह्यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात असे प्रतिपादिले होते की, नागरिकाने भिंतीवरील झालरी, वेलबुट्टी व नक्षी काढून टाकून तेथे स्वच्छ पांढरा रंग द्यावा; भिंत शुद्ध झाली म्हणजे मनुष्यही अंतर्यामी शुद्ध होऊ लागेल. (ह्याच गृहस्थांनी १९३१ साली स्वित्झर्लंडमधील एका कंपनीसाठी भिंतीच्या कागदांकरिता ४३ छटांचा संग्रह तयार करून दिला, ही गोष्ट त्यांचे चाहते जरा हळू आवाजात सांगतात.) इतके दूर तरी कशाला जावे? आमच्या विदर्भातच, वर्ध्याजवळ, सेवाग्रामला १९३६ नंतर गांधीजी ज्या मातीच्या कुटीत राहिले तिच्यापुढे उभे राहिले म्हणजे कोणत्याही रंगाच्या डब्याची लाज वाटते. तथापि तेथेही भिंतीवर मीराबेन ह्यांनी मातीत उठावाची ताडाची झाडे व चरखा काढलेला आहे. म्हणजे अपरिग्रहाच्या त्या घरातसुद्धा भिंत अगदीच मुकी राहिली नाही. ह्या गोष्टीकडे आमचे लक्ष आधी जावयास हवे होते; ते गेले नाही.

आता हिशेबाचा कागद पाहतो तर आमचा ‘साधा’ रंग डब्यामागे समोरच्या गुलाबीपेक्षा महाग पडला होता. संयमाचाही एक दिखाऊपणा असतो आणि तो भडक रंगाच्या दिखाऊपणापेक्षा अधिक अवघड, कारण तो कोणी बोलून दाखवीत नाही. समोरचे गृहस्थ आपला आनंद उघड्यावर मांडतात; आम्ही आमची अभिरुची मांडली होती, एवढाच काय तो फरक.

रंग निवडण्याची ही चैनही तशी नवीनच. आमच्या लहानपणी ह्याच घराच्या भिंतींना दर वर्षी चुना दिला जाई, आणि चुन्यात निवड करण्याजोगे फारसे काही नसते. कळीचा चुना रांजणात टाकून वर पाणी ओतले की त्याला उकळी फुटे. आम्हां पोरांना त्या दिवशी रांजणापासून चार हात लांब उभे राहण्याची ताकीद असे. दोन दिवसांनी तो निवला म्हणजे फडक्यातून गाळावयाचा, त्यात डिंकाचे पाणी घालावयाचे, आणि शेवटी निळीची पुरचुंडी त्यात फिरवावयाची. ही नीळ म्हणजे शेतात पिकणारी नीळ नव्हे. कपड्यांना देण्याची ती कृत्रिम नीळ. तिची कृती १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध झाली व पुढे ती जगभर पसरली. चुन्यात जो पिवळसरपणा राहतो तो निळीने मारला जातो आणि भिंत अधिक पांढरी दिसते. म्हणजे पांढरे दिसावे म्हणून निळे घालावयाचे. सरकारी बांधकामाच्या नियमांतही सफेदीच्या चुन्यात किलोमागे ३ ग्रॅमपर्यंत नीळ घालावी असे सांगितलेले असते. आमच्या मातोश्रींना ग्रॅम ठाऊक नव्हते. त्यांच्या हातून एखादे वर्षी नीळ जास्त पडे व त्या वर्षी सारे घर आकाशी होई. कोणी त्यावर चर्चा करीत नसे. पावसाळा आला की तो रंग हळूहळू उतरे. ओलीच्या जागी शेवाळी झाक येई. आणि श्रावण-भाद्रपदात आमच्या घराची मागची भिंत, आता आठवून पाहता, ज्या रंगासाठी आम्ही शेडकार्डाची पाने उलटीत बसलो होतो, नेमकी त्याच रंगाची होत असे. ती निवडलेली नव्हती, इतकेच.

काही ठिकाणी चुन्यात मोरचूदही घालीत, किडामुंगी लागू नये म्हणून. मोरचूद व चुना ह्यांच्या मिश्रणाला जो निळसर-हिरवा रंग येतो तो बागाइतदारांच्या चांगल्या ओळखीचा आहे. बोर्डो मिश्रण म्हणतात ते हेच. फ्रान्समध्ये बोर्डो प्रांतात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर असले मिश्रण शिंपडीत, ते वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून. पुढे तेथील प्राध्यापक मिलार्दे ह्यांच्या लक्षात आले की, बाकीचा मळा बुरशीने गेला तरी ह्या वेली मात्र हिरव्या राहिल्या आहेत. १८८५ साली त्यांनी ही गोष्ट जाहीर केली. रंग माणसांना भिववावयास लावला आणि वाचविले त्याने वेलींना! ह्याच्या उलटही घडले आहे. शेले नामक रसायनशास्त्रज्ञाने १७७५ साली सोमल व तांबे ह्यांपासून जो सुंदर हिरवा रंग शोधून काढला, तो पुढील शतकात युरोपातील दिवाणखान्यांच्या भिंतींवर गेला व ओल धरताच त्यातून विषारी वायू सुटू लागला. आपल्याकडेही घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर नसावे असा नियम झाला तो २०१६ साली, व अंमलात आला त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा रंग हा निव्वळ डोळ्यांचा विषय आहे असे कोणी समजू नये.

असो. तर चुना गेला, लांबी आली, लांबीवर प्रायमर आले, आणि त्यावर आमच्या मळक्या मोरपंखी रंगाचे दोन हात बसले. सर्व काही एकसंध दिसावे म्हणून आम्ही दारे व चौकटीही त्याच रंगाच्या करविल्या. खाली फरशी राखाडी होती. तीही ह्या मेळात बसली. जुन्या भिंतीच्या पायथ्याशी गेरूचा जो वीतभर पट्टा होता तो अर्थातच नव्या रंगाखाली गेला. रंगारी म्हणालाही की, चौकट तरी वेगळी ठेवू या. आम्ही त्याला अभिरुचीवर थोडे व्याख्यान दिले.

संध्याकाळी दिवा लावून बैठकीत बसलो म्हणजे खरोखरच तलावाकाठी बसल्यासारखे वाटे. येथील उन्हाळा कसा असतो हे विदर्भाबाहेरच्या वाचकांस कल्पनेनेच जाणावे लागेल. आतल्या भिंतीच्या रंगाने पारा एका अंशानेही उतरत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. तरी डोळ्यांना गारवा वाटला तर तो खोटा का म्हणावा? आलेगेलेले स्तुती करीत. मातोश्री मात्र काही बोलल्या नाहीत. त्यांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. जेवणे झाल्यावर बैठकीत येऊन बसण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ होता. तो रंग दिल्यापासून मोडला. दिवेलागणीनंतर त्या आपल्या खोलीबाहेर पडेनाशा झाल्या. आम्ही कुटुंबाशी बोललो व दोघांचे एकमत झाले की, रंग त्यांच्या मनास आला नाही. जुन्या माणसांना नवे काही रुचतच नाही. चार दिवसांत राग जाईल.

ह्याच सुमारास भिंतीवर डाग दिसू लागले. खोलीच्या दारापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत, कमरेच्या किंचित वर, नव्या रंगावर बोटांची एक मळकट ओळ उमटली होती. नातवंडांचा उद्योग असावा असे समजून आम्ही ओल्या फडक्याने ती पुसून काढली. तीन दिवसांनी ती पुन्हा उमटली. आम्ही पुन्हा पुसली, आणि ह्या खेपेस घरात सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात दोन शब्दही बोललो. नंतर ओळ उमटली नाही. ती का उमटली नाही, ह्याचा विचार आम्ही केला नाही.

उलगडा केला तो आमच्या नातीने. ती नागपूरहून दिवाळीच्या सुटीत आली होती. आजींच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू तीन वर्षांपूर्वी काढलेला. डाव्याचा अजून तसाच आहे. मुलीने आजींस खाटेवर बसविले आणि एकेक डोळा हाताने झाकून खेळ मांडला : ह्या डोळ्याने भिंत कशी दिसते? “पाण्यासारखी.” आणि ह्या डोळ्याने? “मातीसारखी.” मुलीला फार मजा वाटली. तिने विचारले, आणि दार कसे दिसते? मातोश्री थोडा वेळ थांबल्या व म्हणाल्या, “दार कुठे आहे ग?”

आम्ही पलीकडच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचीत होतो. ते आम्ही खाली ठेविले.

डोळ्यांच्या वैद्यकात ही गोष्ट नवी नाही. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळे पडत जाते. निळा प्रकाश त्यातून पुरता पार होत नाही. निळे, हिरवे व करडे ह्यांतला भेद अंधुक होतो. हे इतके सावकाश घडते की ज्याचे त्याला कळत नाही. मोने नामक सुप्रसिद्ध फ्रेंच चित्रकाराची मोतीबिंदू पिकल्यानंतरची चित्रे तांबूस व तपकिरी झाली. १९२३ साली एका डोळ्यावर शस्त्रक्रिया झाल्यावर त्यास सारे जग एकाएकी निळे दिसू लागले. मातोश्रींच्या उजव्या डोळ्याला रंग कळतो, पण आतला पडदा दुबळा झाल्यामुळे कडा कळत नाहीत. डाव्याला रंगच कळत नाही. दिव्याच्या उजेडात भिंत, चौकट, दार व फरशी ह्यांचा त्यांच्यापुढे एकच एक राखाडी पसारा होत होता. त्या भिंत चाचपीत न्हाणीघरापर्यंत जात होत्या. ती वाट आम्ही दोनदा पुसली, आणि आमचे बोलणे ऐकल्यावर त्यांनी भिंतीला हात लावणे सोडले; म्हणजे रात्री उठणेच सोडले.

येथे तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न आमच्या घरात येऊन उभा राहिला. भिंतीचा खरा रंग कोणता? उजव्या डोळ्याचा की डाव्या? लॉक हा इंग्रज तत्त्वज्ञ १६९० सालच्या आपल्या ग्रंथात म्हणतो की, आकार व घनता हे जसे वस्तूच्या ठिकाणी असतात तसा रंग नसतो. वस्तूच्या अंगी आपल्यामध्ये रंगाची संवेदना उत्पन्न करण्याची शक्ती तेवढी असते. आमचे नैयायिक ह्याहून वेगळे मानतात. त्यांच्या मते रूप हा द्रव्याचा गुण होय व तो केवळ चक्षूनेच ग्रहण होतो. अन्नंभट्टाने तर्कसंग्रहात रूपाचे सात प्रकार सांगितले : पांढरे, निळे, पिवळे, तांबडे, हिरवे, कपिश व चित्रविचित्र. आमचा रंग ह्यांपैकी कोठे बसवावा हे आम्हांस ठरविता आले नाही. इतकेच नव्हे, तर पाण्याचे स्वतःचे रूप पांढरेच, असे हे शास्त्र म्हणते. यमुनेचे पाणी निळे दिसते ते आश्रयाच्या उपाधीमुळे. तेच ओंजळीने आकाशात उडवावे म्हणजे पांढरे दिसते, असा दाखला विश्वनाथपंचाननांनी मुक्तावलीत दिला आहे. ज्या तलावाचा रंग आम्ही भिंतीवर आणला तो तलावाचाही नव्हता, असे झाले!

दोन डोळ्यांना दोन रंग दिसले म्हणजे नैयायिक गोंधळत नाहीत. एका डोळ्यात दोष आहे, असे म्हणून ते मोकळे होतात. ह्यासाठी आपल्या दर्शनग्रंथांत एक दृष्टांत पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. कावीळ झालेल्या मनुष्यास पांढरा शंख पिवळा दिसतो. शंख पिवळा नाही, दोष त्याच्या पित्ताचा. हा पीतशंख मीमांसकांनी घेतला, वेदान्त्यांनी घेतला, बौद्धांनी घेतला. भ्रम म्हणजे काय ह्यावर जितके म्हणून वाद झाले तितक्यांत तो कोठे ना कोठे वाजलाच. आम्हीही शाळेत असता तो मोठ्या आवडीने पाठ केला होता. परंतु त्या दिवशी प्रथमच आमच्या मनात आले की, इतक्या थोर मंडळींनी त्या काविळीच्या मनुष्याचा उपयोग करून घेतला, त्याचे ज्ञान प्रमा की अप्रमा ह्याचा निकाल लावला, आणि निकाल लागल्यावर त्याला तेथेच सोडून दिले. तो संध्याकाळी घरी कसा गेला, ह्याची चौकशी कोणी केली नाही.

कोणी म्हणेल, दर्शनकारांचे ते कामच नव्हे. मान्य. ज्ञानाच्या विचारात निरोगी डोळा हे प्रमाण धरलेच पाहिजे. नाही तर व्यवहार चालणार नाही. पण घर म्हणजे काही वादसभा नव्हे. घरात निरोगी डोळ्याचा पक्ष खरा ठरतो म्हणून दोषी डोळ्याचा मनुष्य काही उठून निघून जात नाही. त्याला तेथेच राहावयाचे असते. द्रव्याचे चाक्षुष प्रत्यक्ष व्हावयास त्याचे रूप उद्भूत असावे लागते, असे शास्त्र सांगते. आम्ही मातोश्रींपुरते दाराचे रूप अनुद्भूत करून ठेविले होते, आणि वर त्यास अभिरुची असे नाव दिले होते.

ह्यावर खरा आक्षेप निराळा आहे, आणि तो आमच्याच मनाने घेतला. घरात सात माणसे. त्यांतील एकाची दृष्टी मंद, म्हणून सहांनी आपल्या डोळ्यांचे सुख सोडावे काय? सौंदर्य ही केवळ चैन नव्हे; दिवसभर राबून आलेल्या माणसास भिंतीकडे पाहून क्षणभर बरे वाटले तर त्या सुखालाही किंमत आहे. सर्वांत दुबळ्या डोळ्याला जे पचेल तेवढेच सर्वांनी पाहावे असा नियम केला, तर चित्रशाळा बंद कराव्या लागतील. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. आम्ही दोन रात्री त्यावर विचार केला आणि आमच्या लक्षात आले की, आक्षेप बरोबर असला तरी आमच्या प्रकरणास तो लागू नाही. मातोश्रींनी आमचा रंग बदलावयास सांगितलेच नव्हते. त्यांचे मागणे काय आहे हे आम्ही विचारलेच नव्हते. ‘ह्यांना रंग आवडला नाही’ हे आम्हीच ठरविले, कारण आमच्या डोक्यात रंग म्हणजे आवडनिवड, ह्यापलीकडे काही उरले नव्हते. त्यांच्या दृष्टीने तो वाटेचा प्रश्न होता. समोरच्या शेतकऱ्यांचे उत्तरही आम्हांस तेव्हा आठवले. ‘दुरून दिसला पाहिजे’ ह्या त्यांच्या बोलण्यात आम्ही दिखाऊपणा वाचला. त्यांचे वडील रोज दिवस मावळता बांधीवरून काठी टेकीत घरी परततात, हे आम्ही आमच्या ओसरीवरून कित्येक वर्षे पाहत आलो आहो. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे किंवा नाही, हे आम्ही त्यांस अद्याप विचारलेले नाही. विचारावयाचा धीर होत नाही.

आम्ही मातोश्रींस विचारले, काय केले असता बरे पडेल? त्या म्हणाल्या, “रंग राहू दे बाबा, चांगला आहे. खाली गेरू तेवढा ओढ. आणि चौकटीला.”

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील शर्मन नामक एका शल्यवैद्याने १९१४ साली आपल्या शस्त्रक्रियागृहाच्या पांढऱ्या भिंती काढून तेथे पालकाच्या भाजीसारखा हिरवा रंग दिला. पांढऱ्या भिंतीच्या चकाकीने त्याचे डोळे दिपत व समोरची जखम नीट दिसत नसे. रक्ताच्या तांबड्या रंगाचा जो पूरक रंग तो हिरवट निळा. तो सभोवती असला म्हणजे डोळ्यांना विसावा मिळतो आणि तांबडे अधिक स्पष्ट दिसते. पुढे शल्यवैद्यांचे अंगरखेही ह्याच हेतूने निळसर-हिरवे झाले. म्हणजे आमच्या आवडत्या रंगाला इस्पितळात मान मिळाला तो स्वतः सुंदर दिसण्यासाठी नव्हे, दुसरे काही दिसावे म्हणून. तांबडा गेरू ह्या भिंतीवर जितका उठून दिसेल तितका दुसऱ्या कोणत्याही रंगाच्या भिंतीवर क्वचितच दिसेल. मातोश्रींनी शर्मनचे नाव ऐकलेले नाही. जुन्या घरातला गेरूचा पट्टा भिंतीवर उडणारे पाणी व चिखल झाकण्यासाठी असे, एवढेच आम्हांस ठाऊक होते. भिंत कोठे संपते व जमीन कोठे सुरू होते ते अंधारात सांगण्याचे कामही तो करीत असे, हे ज्यांनी दर वर्षी तो ओढला त्यांना ठाऊक होते.

रंगारी पुन्हा आला. त्याने चौकटी खरवडल्या आणि मागच्या व्याख्यानाचा उल्लेख केला नाही, ह्याबद्दल आम्ही त्याचे आभारी आहो. चौकटींना त्याने गेरूच्या रंगाचे तेलरंग दिले. पट्टा मात्र मातोश्रींनी त्याला ओढू दिला नाही. गेरू बाजारातून आणविला, भिजविला, आणि नातीच्या हाती चिंधी देऊन स्वतः खाटेवरून हुकूम सोडले. पायथ्याशी एक पट्टा झाला. मग कमरेच्या किंचित वर, खोलीच्या दारापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत, दुसरा. तो सरळ नाही. मुलीची उंची व आजींची उंची ह्यांत जे अंतर आहे ते त्यात मधूनमधून दिसते. पाहुणे आले म्हणजे त्यांची नजर त्या पट्ट्यावर जाते व काही जण तो वारली पद्धतीचा आहे काय असे विचारतात.

मातोश्री जेवणानंतर पुन्हा बैठकीत येऊन बसू लागल्या आहेत. गेरू हाताला लागतो, म्हणून त्यांचा उजवा तळवा दिवसभर तांबूस असतो. पट्ट्यावर त्यांच्या बोटांचे डाग पडत असतीलच. ते दिसत नाहीत.